मदत हवी आहे: ठराव पास व्हायला किती मतं लागतात? (अर्जंट)

श्रावणी_टिळकवाडी
शनिवारी कॉलेजात अभिरूप शिखर परिषदेची स्पर्धा आहे, प्रत्येक टीम म्हणजे एक देश. आमचा ठराव एकाच टीमने अडवून धरलाय, बाकी सगळे आमच्या बाजूने. साधं बहुमत चालतं की दोन तृतीयांश लागतं? गुगलवर प्रत्येक ठिकाणी वेगळं. कृपया ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगा.

निपाणीकर
दोन तृतीयांश. युनोच्या आमसभेत महत्त्वाच्या प्रश्नाला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश लागतात, बाकीला साधं बहुमत. विषय संपला.

चिक्कोडीचे_मास्तर
विषय संपला कसा? ती 'शिखर परिषद' म्हणतेय, म्हणजे राष्ट्रप्रमुख बसतात ती. आफ्रिकी संघाची असेंब्ली असेल तर आधी सहमती आणि ती झाली नाही तर सदस्यांच्या दोन तृतीयांश. आग्नेय आशियाई देशांच्या आसियानमध्ये चर्चा आणि सहमती. बाळ, संघटना कुठली ते लिहिलंच नाहीस.

श्रावणी_टिळकवाडी
सार्क, दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना. आणखी कुठली असणार, सर? भारतातल्या कॉलेजात आफ्रिकी संघ कोण घेईल?

अनगोळचा_बाब्या
आमच्या वर्गात घेतलेला बे. मी घाना होतो. 😎

चिक्कोडीचे_मास्तर
मग ऐक. सार्कमध्ये मतमोजणीच नाही. ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सनद झाली, तिचं दहावं कलम वाच: सर्व स्तरांवरचे निर्णय एकमताने. राष्ट्रप्रमुखांची परिषद, तिच्याखाली परराष्ट्रमंत्र्यांचं मंडळ, त्याखाली परराष्ट्र सचिवांची स्थायी समिती, सगळीकडे हेच. आठातले सात तुझ्या बाजूने असले तरी ठराव नाही तो नाहीच. तू कुठला देश आणि ठराव कशाचा, ते सांग आता.

श्रावणी_टिळकवाडी
आम्ही भारत. ठराव मोटार वाहन कराराचा, एका देशाची गाडी दुसऱ्या देशात परवान्यावर जाऊ द्यायची. पाकिस्तानची टीम 'आमची अंतर्गत प्रक्रिया बाकी आहे' एवढंच म्हणत बसलीय. परीक्षकांच्या तक्त्यात 'मतदान' असा रकाना आहे, त्याला दहा गुण! एकमत असेल तर तो रकाना कशाला?

जुनापाणी
पाकिस्तानच्या टीमला शाबासकी द्या, पोरांनी अभ्यास केलाय. २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या अठराव्या परिषदेत अगदी हाच करार असाच अडकला होता. शेवटी विजेच्या सहकार्याचा तेवढा झाला.

निपाणीकर
सार्क कधीच मेलंय हो. २०१६ ला इस्लामाबादची एकोणिसावी व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर भारत गेला नाही, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्ताननेही नकार कळवला. त्यानंतर एक परिषद नाही. श्रावणी, सरांना सांग, बिमस्टेक घ्या, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना. मी आमच्या मंडळात तेच सांगतो.

जुनापाणी
बिमस्टेक घेऊन काय होणार? तिथेही निर्णय सहमतीनेच. आणि त्यांची सनद व्हायला २०२२ उजाडलं. सार्कची सनद म्हणते राष्ट्रप्रमुख वर्षातून एकदा तरी भेटतील, तरी १९८५ ते २०१४ मध्ये परिषदा झाल्या अठराच. एकानं पाय मागे घेतला की बैठकच होत नाही. दुखणं तिथे आहे, नाव बदलून जाणार नाही.

खानापूरची_मावशी
दुसरी परिषद आपल्याच राज्यात झाली होती, बेंगळुरूत, १९८६ च्या नोव्हेंबरात. सचिवालय काठमांडूत काढायचं तिथेच ठरलं. आमचे दीर तेव्हा बेंगळुरात नोकरीला होते. भाषणाच्या सुरुवातीला घाल ग, परीक्षक खूश होतील.

अनगोळचा_बाब्या
त्याच दहाव्या कलमात आहे की द्विपक्षीय आणि वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत. म्हणजे आपल्या सीमाप्रश्नासारखं. दोघांत भांडण, बाकीच्यांनी चहा प्यायचा. २००४ पासून कोर्टात पडलंय.

निपाणीकर
महाजन आयोगाचं काय करायचं मग? १९६७ चा अहवाल...

चिक्कोडीचे_मास्तर
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिथे जा की दोघं. इथं पोरीची स्पर्धा आहे.

श्रावणी, सातवं कलम बघ. दोनपेक्षा जास्त पण सगळे नव्हेत अशा देशांचा प्रकल्प असेल तर स्थायी समितीला त्या देशांची कृती समिती नेमता येते. तर ठराव फिरव. 'सर्व सदस्य देश करार करतील' हे खोडून 'इच्छुक सदस्य देशांच्या प्रकल्पासाठी कृती समिती नेमावी' असं लिही. पाकिस्तानला त्यात सामील व्हायची गरज नाही, त्यांनी फक्त आडवं यायचं नाही. तेवढ्यासाठी त्यांच्या टीमशी जेवणाच्या सुट्टीत बोल, स्टेजवर भांडू नकोस. खऱ्या परिषदांतही मसुदा आतल्या खोलीतच ठरतो.

जुनापाणी
मास्तर, कागदावर बरोबर. पण समिती नेमायलाही एकमतच लागणार ना? काठमांडूनंतर भारताने ही वाट धरलीच नाही. बांगलादेश, भूतान, नेपाळला घेऊन १५ जून २०१५ ला थिंफूत वेगळाच करार केला, सार्कच्या बाहेर. आणि तिथे भूतानच्या वरच्या सभागृहाने मोडता घातला!

चिक्कोडीचे_मास्तर
लागेल की. पण 'तुम्ही येऊ नका, आम्हाला जाऊ द्या' याला हो म्हणवणं सोपं. परीक्षक बघतात ते हेच. बाहेरचा करार केला तर परिषदेत गुण कशाचे मिळणार तिला?

श्रावणी_टिळकवाडी
सातव्या कलमाचं पाकिस्तानवाल्यांना विचारलं. त्यांची लीडर म्हणते, समितीत मालदीव असेल तरच हो. मालदीवला रस्ता कुठून नेऊ? आणि मतदानाच्या रकान्याचं कुणी सांगितलंच नाही.

चिक्कोडीचे_मास्तर
'रस्ते व जलवाहतूक' लिही, मालदीव आत. रकान्यासाठी अध्यक्षाला विचारायला लाव, 'कुणाची हरकत?' कुणी बोललं नाही की एकमताने मंजूर, आणि रकान्यात तेच लिहायचं. परीक्षकांना आधी सनद दाखव म्हणजे झालं.

खानापूरची_मावशी
आठ देशांचे झेंडे लागतील ना? खडेबाजारात छापून मिळतात, पण नेपाळचा आधी सांगून ठेव, तो चौकोनी नसतो, कापणावळ वेगळी घेतात.

श्रावणी_टिळकवाडी
मावशी, झेंडे कॉलेज देतंय. 🙏 सर, 'जलवाहतूक' चालली. आता श्रीलंका म्हणते त्यांनाही घ्या.