पीटर ग्रीन ऐकवताना त्यांच्या आजाराविषयी किती बोलावे?

रंकाळाकाठ

नमस्कार. राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका शनिवारी जमतो आणि एकाच कलावंताचे संगीत दोन तास ऐकतो. ज्याने कलावंत सुचवला असेल त्याने आरंभी दहा मिनिटे बोलायचे, असा आमचा रिवाज आहे. यंदा २५ जुलै शनिवारीच येत असल्याने, २०२० साली त्याच तारखेला वयाच्या ७३ व्या वर्षी गेलेले ब्लूजचे (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेल्या दर्दभऱ्या संगीताचे) ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांचे नाव मी सुचवले. पंचगंगेचे पाणी चढले तर कार्यक्रम आठवडाभर पुढे जाईल, हे गृहीतच आहे. पण टिपण आताच करून ठेवावे म्हणून बसलो आणि तिथेच अडलो.

टिपणाची सुरुवात मी अशी केली होती: १९७० च्या मार्चमध्ये म्युनिकला एका घरात त्यांनी एलएसडी हे भास घडवणारे मादक द्रव्य घेतले, मे महिन्यात त्यांनी स्वतःच उभा केलेला फ्लीटवुड मॅक हा बँड सोडला, पुढे स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, विजेचे उपचार झाले, आणि १९७७ मध्ये आपल्या हिशेबनिसाला बंदुकीची धमकी दिल्यावरून त्यांना अटक झाली. हे घरी वाचून दाखवले तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा तर पंचनामा झाला. हा माणूस वाजवत काय होता, ते कुठे आहे?"

तिचे म्हणणे मला पटले, पण प्रश्न सुटला नाही. आजाराचा उल्लेखच केला नाही, तर १९७० नंतरची रिकामी वर्षे कशी समजावून सांगायची? आणि सुरुवातीलाच केला, तर आमच्यापैकी निम्मे लोक ब्लूज प्रथमच ऐकणार असल्याने, प्रत्येक सुरात ते आजारच शोधत बसतील. ज्यांनी ग्रीन मन लावून ऐकले आहेत, त्यांनी कृपया मार्ग सुचवावा. कोणती ध्वनिमुद्रणे निवडावीत, तेही सांगावे.

तारषड्ज

मी गेली वीस वर्षे गिटार शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर वाद्याकडे झुकणार हे आधीच मान्य करतो.

आरंभ 'द सुपरनॅचरल'पासून करावा. जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची रिकामी झालेली जागा १९६६ मध्ये ग्रीन यांनी घेतली, तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे व्हायचे होते. लंडनमध्ये क्लॅप्टन यांच्या नावाचा गजर चालू असताना त्यांच्या जागी उभे राहणारा कोणताही तरुण वेगाने उत्तर देऊ पाहील. पुढच्या वर्षी आलेल्या मेयॉल यांच्या 'अ हार्ड रोड' या तबकडीतल्या या शब्दाविना रचनेत मात्र ग्रीन एकेक स्वर इतका लांबवतात की आपल्याकडचा श्रोता त्याला बिनदिक्कत 'ठेहराव' म्हणेल. प्रवर्धकाच्या (अॅम्प्लिफायरच्या) आवाजाने तार पुन्हा थरथरत राहते आणि स्वर विझतच नाही. तो कुठे सोडायचा, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते. तिथे घाई करणारा पकडला जातो.

दुसरी गोष्ट त्यांच्या गिटारीची. १९५९ च्या त्यांच्या गिब्सन लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचे (तारेचा कंप विजेच्या लहरीत बदलणाऱ्या भागाचे) चुंबक उलटे होते. दोन्ही पिकअप एकाच वेळी चालू केले की दोघांच्या लहरी एकमेकींना काही अंशी खोडतात, खालचा भरीव भाग गळून जातो आणि उरतो तो किंचित पोकळ, नाकातून आल्यासारखा आवाज. मिरजेला सतारीची जवारी काढून घेताना ब्रिजवर कानशीचे दोन हात कमी-जास्त झाले तर अख्ख्या वाद्याची बोली बदलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या आवाजाला 'वेदनेचा आवाज' म्हणण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते तो आधी चुंबकाचा आवाज आहे आणि मग तो कुठे वापरायचा हे नेमके जाणणाऱ्या कानाचा. एकच पिकअप चालू असताना हीच गिटार चारचौघींसारखी बोलते, आणि तरीही वाजवणारे ग्रीन आहेत हे दोन सुरांत ओळखू येते. त्यांचा स्वर आपण ऐकलेला सर्वांत गोड स्वर असून घाम फोडणारा तो एकच वादक, असे खुद्द ब्लूजचे थोर गिटारवादक बी. बी. किंग म्हणाले होते.

त्यानंतर 'नीड युअर लव्ह सो बॅड' लावावे. गाणे मूळचे लिटल विली जॉन यांचे. ग्रीन तिथे गायनाला उत्तर देतात, गायनावर कुरघोडी करत नाहीत. मग 'अल्बट्रॉस'. १९६८ च्या अखेरीस आलेली ही शब्दाविना रचना १९६९ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. मिक फ्लीटवुड यांनी ड्रमवर नेहमीच्या काठ्यांऐवजी मऊ गोळ्यांच्या काठ्या वापरल्या, त्यामुळे तालाला लाटेचा संथपणा आला.

बँडच्या नावाविषयी एक वाक्य जरूर बोलावे. १९६७ मध्ये बँड ग्रीन यांनी काढला, पण नाव दिले ते ड्रमवादक फ्लीटवुड आणि बासवादक जॉन मॅकव्ही यांचे, तेही मॅकव्ही यायला अजून तयार नसताना. हा माणूस कसा होता, हे यातून जितके कळते तितके तुमच्या टिपणातल्या सर्व तारखांतून कळत नाही.

बिंदूचौक

तारषड्ज यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु मला ते फारच सोवळे वाटले. चुंबक उलटे असलेली गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूर यांच्याकडे गेली, त्यांनी १९९५ मध्ये 'ब्लूज फॉर ग्रीनी' ही संपूर्ण तबकडी ग्रीन यांच्या रचनांना वाहिली, आणि आता ती मेटॅलिका या रॉक बँडच्या कर्क हॅमेट यांच्याकडे आहे. गिटार तीच, हातही मोठेच. तरीही ग्रीन यांच्या सुरातला तो कंप पुन्हा आला नाही. याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही.

'मॅन ऑफ द वर्ल्ड' ऐका. सर्व काही मिळालेला माणूस, आपण जन्मालाच आलो नसतो तर बरे झाले असते असे म्हणतो, आणि १९६९ मध्ये ते गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत जाते. 'द ग्रीन मनालिशी' तर बँड सोडण्याच्या उंबरठ्यावरचे आहे; त्यातला शेवटचा हंबरडा कोणत्या सुदृढ मनातून येईल? वेड लागल्याशिवाय कला होत नाही असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आजार झाकून ग्रीन ऐकवणे म्हणजे मीठ वगळून तांबडा रस्सा वाढणे होय.

खर्जातली

मी या विषयावर सहसा लिहीत नाही. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असत. गणपतीच्या दिवसांत सलग दहा रात्री कार्यक्रम असायचे. त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन बावीस वर्षे झाली. ग्रीन मला त्यांच्याच कॅसेटमुळे माहीत झाले.

बिंदूचौक, आपण कृपया तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. आपण ज्या कंपावर जीव टाकता, ते जवळजवळ सर्व काम १९६६ ते १९७० या चार वर्षांतले आहे. आजार कलेला जन्म देत असता, तर १९७० नंतर, आजार पूर्ण भरात असताना, ग्रीन यांनी डोंगराएवढे काम केले असते. प्रत्यक्षात त्यांनी गिटार दूर सारली, नखे इतकी वाढू दिली की तारा दाबणेच अशक्य व्हावे, आणि मधली काही वर्षे मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. या आजाराची ती बाजू कोणी गाण्यात घालत नाही. भास होणे, संशय येणे हे लोकांना ठाऊक असते, चित्रपटांनी ते दाखवलेही आहे. इच्छाच आटून जाणे, दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहणे, आवडत्या गोष्टीची चवच जाणे, हे फक्त घरच्यांना दिसते. दादांची गिटार कपाटावर अकरा वर्षे होती. त्या अकरा वर्षांत आमच्याकडे कला नव्हती. आईची धावपळ होती, आणि शेजारच्यांची 'रत्नागिरीला दाखवून या', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ही कुजबुज होती.

'मॅन ऑफ द वर्ल्ड'मध्ये दुःख आहे, हे मला मान्य आहे. पण दुःख आणि स्किझोफ्रेनिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुःख प्रत्येकाला असते. ते इतक्या मोजक्या सुरांत, इतक्या नेटक्या शब्दांत बसवण्यासाठी मन ताळ्यावर असावे लागते.

रंकाळाकाठ, तुमच्या टिपणातील तीन वाक्यांविषयी सांगते. म्युनिकचा प्रसंग कारण म्हणून सांगू नका. अशी द्रव्ये आधीच धोका असलेल्या माणसात आजाराला वाट करून देऊ शकतात, परंतु आनुवंशिकतेपासून अनेक धागे त्यात असतात. एका रात्रीवर सगळे ढकलले की ऐकणाऱ्याला हायसे वाटते, इतकेच. बंदुकीची गोष्ट पूर्ण गाळावी असे माझे मत आहे. तिच्या अनेक आवृत्त्या फिरतात आणि कोणतीही सांगितली तरी श्रोत्यांच्या मनात 'असे लोक धोकादायक' हेच उरते. वास्तविक असे रुग्ण दुसऱ्यांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यताच अधिक असते. विजेच्या उपचारांचा उल्लेख करायचाच असेल, तर 'शॉक' म्हणून आवाज खाली आणू नका. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे, आणि काही रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. दादांना झाला.

पैशांची गोष्ट मात्र नक्की सांगा. आपल्या मिळकतीतला मोठा वाटा भुकेल्या लोकांना द्यावा, असे ग्रीन यांना वाटत होते, आणि बँडमधल्या इतरांनीही तसे करावे म्हणून ते मागे लागले होते. बहुतेक लेखांत हे आजाराचे पहिले चिन्ह म्हणून येते. कदाचित ते असेलही. पण तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे आपण हात जोडून सांगतो, म्हणून तेविसाव्या वर्षी एखाद्याला पैसा टोचू लागला तर लगेच केसपेपर काढू नये, असे मला वाटते.

जुनी कॅसेट

माझे वय आता सत्तरीकडे झुकले आहे. सर्वांनी ग्रीन यांना १९७० मध्येच पुरून टाकलेले पाहून वाईट वाटले, म्हणून लिहितो. १९७९ मध्ये 'इन द स्काइज' आली, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेल वॉटसन यांच्यासारख्या मित्रांच्या आधाराने त्यांनी स्प्लिंटर ग्रुप उभा केला. १९९८ मध्ये या गटाने जुन्या काळचे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या रचनांची तबकडी काढली. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात ते आपल्या जुन्या बँडबरोबर वाजवायला उभे राहिले नाहीत. कार्लोस सँटाना यांच्या शेजारी उभे राहून त्यांनी 'ब्लॅक मॅजिक वुमन' वाजवले. हे गाणे सँटाना यांचेच आहे, असे निम्मे जग समजते. ते ग्रीन यांचे, १९६८ सालचे.

या उत्तरार्धात बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत, हे खरे आहे. काही ठिकाणी वॉटसन पुढे होतात आणि ग्रीन मागून एखादीच ओळ घालतात. समीक्षकांना त्यात उतार दिसला. मला मात्र आवाज खर्जात उतरलेल्या वयस्क गवयाची बैठक आठवते: ताना गेलेल्या असतात, पण सूर कुठे लावायचा ते गेलेले नसते. कार्यक्रमात यातले एक तरी गाणे असावे, आणि ते शेवटी 'बिचारे' म्हणण्यासाठी नव्हे, मधोमध असावे.

बिंदूचौक

खर्जातली ताई, तारखा मांडून पाहिल्या. 'ग्रीन मनालिशी'विषयी माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, पण ते 'वेड लागल्याशिवाय' वाक्य मी मागे घेतो. ते आपल्या घरी वाचले जाईल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. टिपण नव्याने लिहिले. आरंभी बोलणे दोनच मिनिटे ठेवले आहे: बेथनल ग्रीनमधल्या ज्यू कुटुंबातला मुलगा, क्लॅप्टन यांची जागा आणि बँडचे नाव. मग 'द सुपरनॅचरल', 'नीड युअर लव्ह सो बॅड', 'अल्बट्रॉस'. त्यानंतर स्प्लिंटर ग्रुपमधले एक गाणे, आणि त्याच्यापाठोपाठ आजाराविषयी चार सरळ वाक्ये, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवेन, त्यावर भाषण करणार नाही. शेवटी 'ओह वेल'चा दुसरा भाग, कारण तिथे ब्लूज संपून साध्या गिटारीवर काही वेगळेच सुरू होते आणि त्यानंतर कोणालाही काही बोलावेसे वाटत नाही. बंदूक गाळली आहे. आईला वाचून दाखवले, तिने फक्त "अल्बट्रॉस म्हणजे काय?" एवढेच विचारले.

ताई, दादांना येता येईल का?

खर्जातली

दादांना विचारले. येतो म्हणाले. दाराजवळची खुर्ची ठेवावी, म्हणजे मध्येच उठावेसे वाटले तर कोणाला ओलांडून जावे लागणार नाही. औषधांमुळे बोटांना थोडा कंप आहे, म्हणून चहाचा पेला अर्धाच भरावा. आणि एक विनंती आहे: माडीवर कोणाची गिटार असेल, तर त्यांना वाजवून दाखवायला सांगू नये. त्यांनी स्वतः मागितली, तर द्यावी.