अलाबामाचे तीन पराभव, एसएमयूचे दोन: गटाचं वजन किती धरायचं?

ओहायोकर:
कॉलेज फुटबॉलवरून (अमेरिकन, लंबगोल चेंडूवाला) आमच्या घरात डिसेंबर २०२४ पासून चाललेलं भांडण इथे आणतोय. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पहिल्यांदाच १२ संघ होते. शेवटच्या जागेला दोन दावेदार: एसीसी गटातला (गट म्हणजे कॉन्फरन्स, बहुतेक मॅचेस आपापसात खेळणारे संघ) एसएमयू, ११ विजय आणि २ पराभव, एसईसी गटातला अलाबामा, ९ आणि ३. निवड समितीने एसएमयूला घेतलं. पेन स्टेटने त्यांना ३८-१० धुतलं आणि लगेच सुरू झालं, "बघा, आम्ही सांगत होतो, एसईसी ती एसईसी!"

माझं म्हणणं एवढंच, की गटाच्या सरासरीवरून संघाला गुण वाटणं बंद करा. त्या मोसमात वरच्या श्रेणीत १३४ संघ होते, प्रत्येकाच्या मॅचेस १२, त्यातल्या ८-९ आपल्याच गटात. तिथे एक जिंकला की दुसरा हरला, गटाची बेरीज जागच्या जागी. म्हणजे कुठला गट भारी हे ठरणार उरलेल्या तीन-चार मॅचेसवर, आणि त्यातही एक-दोन लिंबूटिंबू संघांशी. एवढ्याशा धाग्याला अख्खं झुंबर टांगायचं?

वर न्याय कसा, तर अलाबामा व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरला की "गटात किती खोली आहे बघा". एसीसीत असं झालं की "गटच कच्चा". आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

टस्कालूसाचे बाबा:
अहो ओहायोकर, मुलगी इथे टस्कालूसात, अलाबामा विद्यापीठातच शिकते, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो. पण अर्धीच गोष्ट का सांगताय? त्याच मोसमात आम्ही जॉर्जियाला ४१-३४ हरवलं, आणि तीच जॉर्जिया पुढे एसईसीची विजेती झाली. एसएमयूच्या खात्यात असा एक विजय दाखवा. बीवाययूकडून १८-१५ हरले, गटाच्या फायनलमध्ये क्लेम्सनकडून ३४-३१. नुसते पराभव मोजायचे तर गल्लीतल्या पोरांशी खेळून कोणीही १२-० होईल.

ओहायोकर:
जॉर्जिया मान्य. पण ओक्लाहोमाकडून २४-३? तो संघ नियमित मोसमात ६-६ होता. व्हँडरबिल्टही ६-६.

आकडेमोड:
दोघांचेही प्रश्न वेगळे आहेत आणि एकाच उत्तरासाठी भांडताय. एक प्रश्न, आजवर कोणी किती कमावलं? दुसरा, उद्या समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

पहिल्यासाठी कोलीची पद्धत घ्या, म्हणजे संघांचे क्रमांक लावायचं एक कॉम्प्युटर सूत्र. सुरुवातीचा आकडा अगदी सोपा: विजयात १ मिळवा, मॅचेसमध्ये २ मिळवा आणि भागा. २०२३ ची फ्लोरिडा स्टेट १३-०, म्हणजे १४ भागिले १५, ०.९३३. त्याच वर्षीचा अलाबामा १२-१, म्हणजे १३ भागिले १५, ०.८६७. मग प्रतिस्पर्धी किती तगडे होते त्यानुसार सगळ्यांचे आकडे एकत्र सोडवायचे. किती गुणांनी जिंकलात हे कोली विचारतच नाही.

ओहायोकर, तुमचा मुद्दा इथे लख्ख दिसतो. एका गटातल्या सगळ्या संघांची समीकरणं एकाखाली एक मांडून बेरीज केली, की आपापसातल्या मॅचेस एकमेकींना काटून टाकतात. उरतात फक्त गटाबाहेरच्या. पण धागा बारीक आहे म्हणून झुंबर पडत नाही, कारण ते मिळवलेले १ आणि २ सगळ्यांना ०.५ कडे ओढून धरतात. बाहेरच्या मॅचेस कमी, तर गटांमधलं अंतरही कमी. "मला फारसं माहीत नाही" हे सूत्र प्रामाणिकपणे कबूल करतं. समिती कधी करते?

दुसऱ्या प्रश्नाला गुणफरक लागतो, कोण जखमी आहे तेही लागतं. त्याच २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून बसला, आणि अपराजित संघ तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहिला. अलाबामा आत. मला ते अजूनही पटत नाही.

जुना खेळाडू:
कॉम्प्युटरला डोक्यावर घेऊ नका. बीसीएसच्या काळात, म्हणजे प्लेऑफच्या आधी मतदान आणि कॉम्प्युटरचे क्रमांक एकत्र करून फायनलचे दोन संघ ठरायचे तेव्हा, ते करून झालंय. २००१ मध्ये नेब्रास्काने कोलोराडोकडून ६२-३६ मार खाल्ला, पत्रकार आणि प्रशिक्षक, दोन्हींच्या मतदानांत चौथा होता, तरी बेरजेत दुसरा येऊन फायनलला गेला. मायामीने ३७-१४ ने घरी पाठवला. २०१० मध्ये तर कोलीच्या गणितात खालच्या श्रेणीतली एक मॅच भरायची राहिली आणि एलएसयू नि बॉइझी स्टेट यांचे क्रमांक उलटे लागले. एक मॅच!

आकडेमोड:
चूक सापडली ना? कारण सूत्र उघड्यावर होतं, कोणीही घरी बसून ताळा करू शकत होतं. निवड समितीच्या बंद खोलीतल्या तेरा जणांचा ताळा कसा करणार? आणि २०१७ ची यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा, मोठ्या गटांबाहेरचा संघ) विसरलात. १३-०, कोलीने पहिलं ठेवलं, लोक हसले. पण त्यांनी पीच बोल या मोसमाअखेरच्या मॅचमध्ये एसईसीतल्या ऑबर्नला ३४-२७ हरवलं होतं, आणि ऑबर्नने त्याच मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही. फायनल खेळले कोण? तेच दोघे.

टस्कालूसाचे बाबा:
एका विजयावरून यूसीएफला डोक्यावर घ्यायचं असेल, तर आमचा जॉर्जियावरचा विजय काय माती खातो? रणजीतही प्लेट गटातल्या शतकाला एलिटमधल्या शतकाचा भाव देत नाहीत.

ओहायोकर:
देऊ नका. पण प्लेटमधून जिंकून वर यायला दार असतं. इथे एसईसीत जन्माला यावं लागतं. त्या मोसमात प्लेऑफमध्ये एसईसीचे तीन संघ होते. जॉर्जिया नोत्र दामकडून २३-१० हरली, टेनेसीला आमच्या ओहायो स्टेटने ४२-१७, टेक्ससला २८-१४.

जुना खेळाडू:
आणि शेवटी विजेती ठरलेली तुमची ओहायो स्टेट? दोन पराभव, समितीच्या यादीत सहावी. प्लेऑफ चारचीच असती तर घरी बसून टीव्ही बघितला असता. "किती कमावलं" याच मापाने मोजायचं तर विजेतेपद सोडा, प्रवेशही नाही. मिशिगनने तुमच्याच घरच्या मैदानावर १३-१०...

ओहायोकर:
काका, तो स्कोअर आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.