रुसेल्सहाइमच्या पाच जणांची फाशी : न्याय की जेत्यांचा न्याय?

पिंपळपान :
२४ ऑगस्ट १९४४. हॅनोवरवर बॉम्बफेक करायला गेलेलं अमेरिकेचं बी-२४ विमान जर्मनीत पडलं. पॅराशूटने उतरलेल्यांपैकी आठ जणांना चौकशी छावणीकडे नेत होते. वाटेत रेल्वेमार्ग उखडलेला, म्हणून २६ तारखेला सकाळी पहारेकऱ्यांनी त्यांना रुसेल्सहाइम गावातून चालवत नेलं. आदल्याच रात्री ब्रिटिश विमानांनी ओपेलचा मोटार कारखाना असलेल्या या गावावर बॉम्ब टाकले होते. "मारून टाका त्यांना" असा ओरडा सुरू झाला. दगड, विटा, मिळेल ते हत्यार. शेवटी एकाने पिस्तूल काढलं. सहा जण मेले, दोघे मेल्याचं सोंग घेऊन वाचले. १९४५ साली डार्मश्टाटला खटला चालला आणि पाच जणांना फाशी झाली. माझ्या मते योग्यच झालं. या आठ जणांनी त्या गावावर एक बॉम्बही टाकला नव्हता.

काळाघोडा :
टाकला नव्हता हे गावाला कसं कळणार? रात्रभर तळघरात बसलेल्या माणसाने सकाळी गणवेशावरून देश ओळखायचा? आणि १९४३ साली बॉम्ब टाकून जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर जाळणाऱ्यांवर कुठे खटला झाला? हरलेल्यांनाच कायदा लागू होतो, एवढंच यातून कळतं.

पिंपळपान :
तो खटला व्हायला हवा होता का, यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण हॅम्बुर्ग जळलं म्हणून हात वर केलेल्या माणसाचं डोकं विटेने फोडायची मुभा मिळत नाही.

निशिगंध :
दोघेही मूळ मुद्दा सोडताय. मे १९४४मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने लेख लिहून खाली उतरलेल्या शत्रू वैमानिकांवरच्या लोकांच्या रागाला वाट करून दिली. पाठोपाठ हिटलरचा सचिव बोरमान याच्या परिपत्रकात होतं की अशा मारहाणीबद्दल कुणावर कारवाई झालेली नाही. वाचणाऱ्याला इशारा कळतो. गाव फासावर गेलं, चिथावणी देणारे त्या पिंजऱ्यात नव्हतेच.

पिंपळपान :
हाच बचाव कोर्टात झाला होता. सरकारी वकील लिऑन जॅवर्स्की, पुढे वॉटरगेट प्रकरणात गाजलेला तोच. त्याने तो बचाव मानला नाही आणि कोर्टानेही. उलट इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९४०ला व्हिटबीजवळ जर्मन हाइन्केल विमान पडलं, तर ते पाडणारा ब्रिटिश वैमानिक पीटर टाउनसेंड दुसऱ्या दिवशी जखमी जर्मनाला भेटायला इस्पितळात गेला होता.

काळाघोडा :
अहो, फेब्रुवारी १९४०! लंडनवर तेव्हा बॉम्ब पडायचे होते. तुलना तरी सारख्या दिवसांची करा.

पिंपळपान :
हा टोला मान्य. उदाहरण मागे घेतो, मत नाही.

निशिगंध :
२०१९मध्ये अभिनंदन वर्धमान सीमेपलीकडे उतरले तेव्हाचा व्हिडिओ आठवतो? गावकरी मारत होते, पाकिस्तानी सैनिक मध्ये पडले. रुसेल्सहाइममध्येही पहारेकरी होतेच की. त्यांच्याबद्दल इथे कुणी अवाक्षर काढत नाही.

काळाघोडा :
पटलं. पण मग फाशीच्या यादीत सगळ्यात वर कोण हवं होतं, सांगा.