परसदारी लाकडी डेक करायचाय, सुताराला नेमकं काय विचारू?

परसबाग_वेडी:
नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या दारातून बागेत उतरायला पायऱ्या आहेत, तिथे ४ मीटर बाय ३ मीटरचा लाकडी डेक करायचं चाललंय, उंची मीटरभर येईल. घरात लहान मुलं आहेत, सासूबाई संध्याकाळी तिथेच बसणार आणि पाहुणे आले की पंधरा-वीस माणसं एकदम उभी राहणार हे नक्की. सुताराशी बोलले तर तो सगळा वेळ वरच्या फळ्या कुठल्या आणि पॉलिश कुठलं हेच सांगत होता, खालचं विचारलं तर म्हणे "ते मजबूत करतो ताई, काळजी नको". मला तर तीच काळजी आहे. घराच्या भिंतीला जोडून करायचा का वेगळा उभा करायचा? आणि जास्तीत जास्त वर्षं टिकायला काय बघायचं?

तुळई_वासे:
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. वरच्या फळ्या खराब झाल्या तर काढून नव्या टाकता येतात, खालचा सांगाडा गेला की सगळंच गेलं.

आधी वजनाचा हिशेब बघा. डेकवर माणसांचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, म्हणजे तुमच्या १२ चौरस मीटरवर २४०० किलो झालं, डेकचं स्वतःचं वजन वेगळंच. एक बाजू घराला जोडली तर यातलं जवळजवळ निम्मं भिंतीवर ठोकलेल्या एका आडव्या फळीवर येतं, तिला लेजर म्हणतात. डेक कोसळतात ते बऱ्याचदा इथेच. लाकूड मोडत नाही हो, ती फळीच भिंतीपासून सुटते. त्यामुळे लेजर नुसत्या खिळ्यांवर अजिबात नको, खिळा ओढ बसली की हळूहळू सरकत बाहेर येतो. १२ मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर, एक वर एक खाली असे, आणि तेही खऱ्या भार घेणाऱ्या भिंतीत, वरून लावलेल्या शोभेच्या विटांत किंवा प्लास्टरमध्ये नाही.

दुसरं म्हणजे पाणी. लेजरच्या वर पत्र्याची पट्टी हवीच, तिची वरची कड भिंतीच्या आवरणाच्या आत आणि खालची कड फळीवरून पुढे वळवलेली. ती नसली की पाणी फळी आणि भिंतीच्या मधे शिरतं, तिथे ना ऊन ना वारा, लाकूड आतून कुजत राहतं आणि वरून बघाल तर सगळं ठणठणीत.

तुमची भिंत आतून कशी आहे ते खात्रीने माहीत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, डेक वेगळाच उभा करा. भिंतीजवळ पण खांबांची एक रांग घ्या आणि मधे बोटभर फट सोडा. फक्त मग भिंतीचा आधार नसल्यामुळे डेक आडवा हलतो, म्हणून खांब आणि तुळईच्या मधे तिरपे आधार द्यावेच लागतात, दोन्ही दिशांना.

पाया_पक्का:
वरच्याशी सहमत, थोडी भर घालतो. खांब मातीत गाडू देऊ नका आणि काँक्रीटमध्येही बुडवू देऊ नका. लाकूड सगळ्यात आधी कुजतं ते जमिनीच्या रेषेवर, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. काँक्रीटचा पाया जमिनीच्या थोडा वर काढायचा, त्यात लोखंडी बूट, म्हणजे खांबाचं बूड धरणारी बैठक, बसवायचा आणि त्यावर खांब इंचभर उचललेला ठेवायचा. खड्डा भरावाच्या मातीत थांबवू नका, खाली पक्की जमीन लागेपर्यंत जायचं, आणि जिथे थंडीत जमीन गोठते तिथे गोठणाऱ्या थराच्याही खाली, नाहीतर बर्फ फुगून पाया वर उचलतो. खणायच्या आधी पाइप आणि केबल कुठून गेल्यात ते बघून घ्या. परवानगी लागते का तेही आधीच विचारा.

तुळई खांबाच्या डोक्यावर बसलेली पाहिजे. बाजूला बोल्टने लटकवली तर सगळा भार त्या बोल्टांवरच येतो. हे सुताराला काम सुरू व्हायच्या आधी सांगा.

गंज_नको:
खिळे-स्क्रूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. कुजू नये म्हणून औषध मारलेल्या लाकडात बहुतेक वेळा तांबं असतं आणि ओल आली की ते साध्या लोखंडाला खातं, वरवर चकचकीत झिंक चढवलेल्यालाही. गरम झिंकमध्ये बुडवून काढलेले किंवा स्टेनलेसचेच घ्या, आणि हँगर (वासे तुळईला धरून ठेवणाऱ्या धातूच्या पकडी) ज्या धातूचे त्याच धातूचे स्क्रू. पत्र्याची पट्टी पण अशा लाकडाला टेकणार असेल तर ॲल्युमिनियमची नको.

अजून एक, औषध लाकडाच्या बाहेरच्या थरातच मुरलेलं असतं, कापलं की आतला कोरा गाभा उघडा पडतो. म्हणून प्रत्येक कापलेल्या तोंडाला तिथल्या तिथे ब्रशने औषध लावायचं. सुतार कंटाळा करतात, समोर उभं राहून लावून घ्या.

परसबाग_वेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, वेगळा उभा करायचं आता पक्कं. अजून दोन शंका. प्लास्टिक मिसळलेल्या त्या कंपोझिट फळ्या घेऊ का? आणि रेलिंग? मुलं त्यावर लोंबकळणारच.

तुळई_वासे:
कंपोझिट कुजत नाही, पण उन्हात चांगली तापते, मुलं अनवाणी असतील तर विचार करा. ती लाकडापेक्षा लवचिक, त्यामुळे खालचे वासे जवळ लागतात, लाकडी फळीला मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी बऱ्याचदा चालतं, कंपोझिटला कंपनी सांगेल तेवढंच, कधी ३०० सुद्धा. आणि सांगाडा तरीही लाकडाचाच राहतो, त्यामुळे वरचं सगळं लागू आहेच.

रेलिंगला मात्र जीव लावून करा. उंची निदान ९०० मिमी, दोन दांड्यांमधून १०० मिमीचा गोळा जाता कामा नये आणि दांड्या उभ्याच, आडव्यांवर पाय ठेवून मुलं चढतात. खरी मेख खांबाच्या मुळाशी आहे. वर कोणी ९० किलोच्या जोराने रेललं तर मुळाशी खांबाला धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्यावर त्याच्या आठ-नऊ पट ओढ येते, कारण खांब लांब आणि दोन बोल्टमधलं अंतर वीतभरसुद्धा नसतं. नुसत्या कडेच्या फळीला बोल्ट मारला तर ती फळीच पिळवटते, म्हणून खांब आतल्या वाश्यांना लोखंडी पट्टीने मागे बांधून घ्यायचा. फळ्या टाकायच्या आधीच प्रत्येक खांब दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, त्या वेळी खालून हात घालून दुरुस्त करता येतं.