विषय: शेजाऱ्यांचं वायफाय दिसतं, आपलं दिसत नाही

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम नारायण पेठ, पुणे

नमस्कार मंडळी,

घाबरू नका, वर्गणीची मेल नाही. आपल्या मंडळाच्या हिशोबाची वही अमेरिकेतून निघायच्या आधीच नव्या खजिनदारांकडे दिली आहे.

बाबांचा कॉम्प्युटर २००९चा. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. मागच्या खेपेला त्यावर डेबियन १२ (लिनक्सची एक जात) घालून गेले होते आणि बाबांचं त्यावर छान चाललंय. ई-पेपर, बँकेचं स्टेटमेंट, आणि वाड्यातल्या भाडेकरूंची न संपणारी पत्रं. इंटरनेटसाठी पुढच्या खोलीतल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत उंबऱ्यावरून केबल टाकली होती. गेल्या महिन्यात आईचा पाय त्यात अडकला. पडली नाही, पण त्याच दिवशी केबल गुंडाळून माळ्यावर गेली.

म्हणून मी तपकीर गल्लीतून एक यूएसबी वायफाय आणलं, बोटाच्या पेराएवढं. "लिनक्सवर चालतं का?" विचारलं तर दुकानदार म्हणाला, "लावलं की चालू." लावलं. स्क्रीनवर सीडीचं चित्र आलं! बाबा म्हणाले, "अगं, सीडी तर कुणी घातलीच नाही."

माझ्या बॅगेत तिकडून आणलेलं दुसरं एक आहे, अँटेनावालं, बरंच जुनं. ते लावलं तर आणखी गंमत. आजूबाजूची सात नेटवर्कं दिसतात, आमचं एकटं दिसत नाही. बाबांच्या फोनवर मात्र आमचं ठणठणीत दिसतं. बाबांचा निष्कर्ष: मशीन शेजाऱ्यांना फितूर आहे.

काका, तुम्ही गणपतीत एका रात्रीत साउंड सिस्टिम उभी केली होती. हेही बघाल का?

प्रेषक: साउंड सिस्टिमवाले काका

अगं, साउंड सिस्टिमचं श्रेय इतरांचंही आहे, मी फक्त वायरी ओढल्या.

पहिली गोष्ट, खोक्यावरचं नाव विसरून जा. यूएसबी वायफायच्या जगात खोकं काहीच सांगत नाही. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन घे. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, रूप तेच, ड्रायव्हर (वस्तू चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा. त्यामुळे "माझ्याकडे चाललं होतं" या वाक्याला काडीचा अर्थ नाही. मशीनलाच विचार. टर्मिनल उघड, एलएसयूएसबी (यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी देणारी कमांड) लिही आणि दोन्ही वस्तूंचे आकडे पाठव. मधे विसर्ग असलेली चार-चार अक्षरांची जोडी येईल. पहिली चार कंपनीची, दुसरी चार वस्तूची.

दुसरं, डीमेसेज ही मशीनच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवून शेवटच्या वीस ओळी पाठव. आणि कॉम्प्युटरच्या पुढच्या तोंडाला लावलं असशील तर आधी मागे लाव.

प्रेषक: माजी खजिनदार, नारायण पेठ

पुढेच लावलं होतं, तुम्हाला कसं कळलं? डीमेसेजमध्ये "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर मायनस ७१" अशा ओळींची रांग होती. मागे लावल्यावर ती गेली.

तपकीर गल्लीतलं: ०बीडीए:१ए२बी. अँटेनावालं: ०सीएफ३:९२७१.

काल गुरुवार, दिवसभर लाइट नव्हती, म्हणून उत्तराला उशीर.

प्रेषक: साउंड सिस्टिमवाले काका

मायनस ७१ म्हणजे मशीन आणि वस्तू यांचं बोलणं मधेच तुटतंय. बहुतेक वेळा केबल, खिळखिळा पोर्ट किंवा अपुरी वीज. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि पंधरा वर्षांत तिथल्या पिना सैल होतात. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमधून एका पोर्टला १००च मिळतात. वायफाय शोधायला लागलं की त्याहून जास्त ओढतं आणि मान टाकतं. तेव्हा हब नको.

आता तुझी भुताची सीडी. १ए२बी हा वायफायचा आकडाच नाही. त्या पेराएवढ्या वस्तूच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची छोटी डिस्क आहे. लावल्यावर ती आधी सीडी म्हणून मिरवते. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तिचं खरं रूप बाहेर येतं. आपण तिला सरळ इजेक्ट म्हणायचं. तुमच्या मशीनला स्वतःचा सीडी ड्राइव्ह आहे ना? लिनक्सच्या भाषेत तो एसआर०. ही बहुधा एसआर१. चुकून ० ला इजेक्ट म्हणालीस तर ट्रे बाहेर येईल आणि बाबा दचकतील, एवढंच. यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज घातलं की हे दर वेळी आपोआप होतं.

इजेक्टनंतर आकडा बदलून ०बीडीए:सी८११ झाला, तर ती ८८११सीयू किंवा ८८२१सीयू जातीची चिप. हिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ६.२ पासून आला. डेबियन १२चा कर्नल आहे ६.१. एका पायरीने हुकलं! म्हणजे वस्तू खराब नाही, मशीन खराब नाही, फक्त दोघांची ओळख व्हायची आहे. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या ठेवतात तिथून) कर्नल ६.१२ घेतलास की काम होईल. फर्मवेअरचं (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) रिअलटेकवालं पॅकेज आहे ना तेही बघ, ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात असतं.

"पण नेट नाही तर उतरवू कशी?" हा प्रश्न येणारच. माळ्यावरची केबल काढू नकोस, आई रागावतील. बाबांचा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने कॉम्प्युटरला जोड आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू कर. लिनक्सला तो फोन सरळ नेटवर्क कार्ड वाटतो, वेगळं काही घालावं लागत नाही. फक्त वायर डेटा नेणारी हवी. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात.

अँटेनावाल्याचा विचार करतो. ९२७१ ही लिनक्सवाल्यांची लाडकी चिप, तिचं फर्मवेअरसुद्धा मुक्त स्रोत आहे. ती असा हट्ट का करतेय?

प्रेषक: मराठी शाळेच्या बाई

मधेच बोलते. आमच्या शाळेच्या जुन्या लॅपटॉपचा किस्सा ऐका म्हणजे पुढची फजिती टळेल. एका पालकांनी इंटरनेटवरून ड्रायव्हर आणून डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत बांधणारी सोय) बसवून दिला. दोन महिने सुरेख चाललं. एके रविवारी अपडेट झालं, नवा कर्नल आला आणि वायफाय गायब. तीस मुलं वर्गात, आणि मी फळ्यावर बाराखडी लिहीत बसले. नवीन कर्नलबरोबर त्याचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) उतरले नव्हते, त्यामुळे ड्रायव्हर परत बांधलाच गेला नाही. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे नुसत्या नावाचं पॅकेज घालून ठेवलं की प्रत्येक कर्नलबरोबर हेडर्स येतात. पण काका म्हणतात तसा कर्नलमध्येच ड्रायव्हर असेल तर ही कटकटच नको.

आणि एक बाळबोध प्रश्न. सरळ डेबियन १३ का घालत नाही?

प्रेषक: साउंड सिस्टिमवाले काका

बाई, प्रश्न बाळबोध नाही. डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात कर्नल ६.१२च आहे, हे मशीन ६४ बिट असल्याने चालेलही. (३२ बिट मशीनवर १३ नव्याने घालता येत नाही, ते इन्स्टॉलरच बंद झालं.) पण तीन आठवड्यांच्या सुट्टीत वडिलांचं चालतं मशीन उलटंपालटं करू नये, असं माझं मत. ते फोन करतात मध्यरात्री.

अँटेनावाल्याचं सापडलं बहुतेक. ते तू इकडून नेलंस ना? अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १ ते ११च वापरतात. भारतात १३ पर्यंत चालतात. राउटर "ऑटो"वर असेल आणि गर्दी टाळायला १२ किंवा १३ वर जाऊन बसला असेल, तर अमेरिकेसाठी बनवलेलं कार्ड तिकडे बघतच नाही. शेजाऱ्यांची सात नेटवर्कं ११च्या आत असणार. राउटरच्या पानावर जाऊन चॅनल बघ.

प्रेषक: माजी खजिनदार, नारायण पेठ

१३!!

मी आधी हुशारी केली. आयडब्ल्यू या वायफायच्या कमांडने देश भारत करून बघितला. ढिम्म फरक नाही.

प्रेषक: साउंड सिस्टिमवाले काका

नाहीच पडणार. या अथेरॉस कार्डांत देश पोटातल्या मेमरीतच लिहिलेला असतो. वरून भारत म्हटलंस तर ड्रायव्हर दोन्ही देशांत जे चालतं तेवढंच देतो, म्हणजे पुन्हा ११. कार्ड बदलत नाही तर राउटर बदल. ऑटो काढ, १, ६ किंवा ११ ठेव.

प्रेषक: माजी खजिनदार, नारायण पेठ

६ ठेवला. "सेव्ह" दाबून मागच्या खोलीत येईपर्यंत यादीत आमचं नाव सगळ्यात वर. भिंत दीड हात जाड आहे तरी चार काड्यांपैकी तीन. बाबांनी लगेच भाडेकरूला पत्र पाठवलं.

पेराएवढ्यालाही न्याय दिला. इजेक्ट केल्यावर सी८११ झालं, फोनवरून ६.१२ उतरवला (अर्धा तास, आणि बाबांचा दिवसाचा डेटा संपला), रीस्टार्ट केल्यावर चालू. त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतं, पण ते या भिंतीतून येता येता दमतं. म्हणून बाबांकडे अँटेनावालंच ठेवते आणि हे शाळेला आणते.

बाई, शाळेला अजून किती हवीत ते उद्यापर्यंत कळवा, शनिवारी परत तपकीर गल्लीत जातेय. दुकानदाराला म्हटलं, आकडा बघितल्याशिवाय घेणार नाही. तो म्हणाला, "लॅपटॉप घेऊन या, ताई. एक फोडलेला पीस आहे, तो लावून बघा. बाकीची खोकी फाडू नका."