मदत हवी आहे: दोन्ही ऑक्सिजन सेन्सर एकदम गेले म्हणतात, पटत नाहीये

मंडळी, गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस ४, एमएच ११ (सातारा) पासिंग. चेक इंजिनचा दिवा लागलाय तो विझायचं नाव घेत नाही. इथल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला तर दोन कोड आले, पी ०१३५ आणि पी ०१४१. गॅरेजवाले म्हणतात पुढचा-मागचा दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपातल्या धुरात ऑक्सिजन किती ते बघणारे) बदला, आणि आकडा असा सांगितला की घरी बोलायची सोय नाही. कोड पुसून दिला, पण दुसऱ्या दिवशी गोडोलीतून निघून पोवई नाक्याला पोचेपर्यंत दिवा परत हजर.

गंमत म्हणजे पुण्याला जाऊन आलं की अ‍ॅव्हरेज नेहमीसारखंच, खंबाटकी घाटात पण गाडी कुठं दम टाकत नाही, पण गावात राजवाडा, मंडई असं जवळजवळ फिरलं की पेट्रोल नुसतं पिते आणि सकाळी सुरू केल्यावर धुराला पेट्रोलचा वास येतो. पीयूसी पण संपत आलीय. सेन्सर खरंच गेलेत का हे घरच्या घरी कसं बघायचं? मल्टिमीटर आहे, चालवता येतो.

प्रतिसाद १
दादा, पैसे देऊ नका अजून. हे दोन्ही कोड सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचे आहेत, ०१३५ पुढच्याचा, ०१४१ मागच्याचा. सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापला की मगच नीट काम करतो, म्हणून आत हीटर असतो. तो बंद असला तर सायलेन्सरच्या गरम धुरानंच तापायची वाट बघावी लागते, तोवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजानं जास्त पेट्रोल सोडत बसतो. हायवेला ठीक आणि गावात बोंब, ते याच्यामुळंच. आणि दोन हीटर एकाच दिवशी मरत नसतात राव, दोघांना मिळून जे आहे ते बघा, म्हणजे फ्यूज नाहीतर वायरिंग.

इंजिन गार असताना कनेक्टर काढा, सेन्सरकडच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायरी असतात (बहुतेक पांढऱ्या) त्या हीटरच्या. त्यात थोडे ओहम दाखवले तर हीटर जिवंत, काहीच नाही दाखवलं तर तुटलाय. मग चावी ऑन करून गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का बघा.

धागाकर्ता
दोन्ही हीटर ओहम दाखवतात, पण १२ व्होल्ट दोन्हीकडं नाहीत. फ्यूज उडालेला निघाला, तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकला तर गाडी सुरू केल्या केल्या तो पण गेला 😡

प्रतिसाद १
मग कुठंतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज टाकायच्या भानगडीत पडू नका, वायरिंग जळेल. दोन्ही कनेक्टर काढून ठेवा, फ्यूज टाका, टिकला तर एकेक लावत जा.

धागाकर्ता
सापडलं! पुढचा लावला तर काही नाही, मागचा लावला की फ्यूज उडतो. गाडी उचलून बघितली तर मागच्या सेन्सरच्या वायरीची क्लिप तुटलीय, वायर लोंबून सायलेन्सरच्या पाइपला टेकलीय आणि वरचं प्लास्टिक पार वितळलंय. सोल्डर करून टेप मारली तर चालेल का?

प्रतिसाद २
टेप तिथं आठवडाभर टिकायची नाही. आणि सेन्सरच्या वायरीला सोल्डर नको, बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीतूनच आत जाते. क्रिंप जॉइंट (नळीत वायरी घालून दाबून केलेला जोड) करा, वरून उष्णता सहन करणारी स्लीव्ह घाला, पाइपपासून लांब बांधा. वायर फार आत जळली असेल तर एकटा मागचा सेन्सर बदला, पुढच्याला हात लावायची गरज नाही. काढताना इंजिन कोमट ठेवा, २२चा पाना लागतो, आटे गंजलेले असतात.