वाचाघात: रोज तीन तासांची थेरपी आठ महिन्यांनंतर उपयोगी पडेल का?

प्रश्न (हळदवाले, सांगली):
माझ्या वडिलांना, वय ६६, आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा पाय सावरला, हात थोडाफार चालतो. वाचा मात्र परतलेली नाही; यालाच वाचाघात म्हणतात. मार्केट यार्डात ३५ वर्षे हळदीच्या सौद्यांत ज्यांनी आवाज गाजवला, ते अप्पा आता चहा हवा असला की ‘चावी’ म्हणतात, चूक लक्षात येताच कपाळावर हात मारतात आणि गप्प बसतात. गणपतीची आरती मात्र न अडखळता म्हणतात. सध्या आठवड्यातून दोनदा पाऊण तास स्पीच थेरपी होते. पुण्याच्या आतेभावाने तीन आठवडे रोज तीन तासांचा कार्यक्रम सुचवला आहे. इतक्या उशिरा त्याचा लाभ होईल का?

उत्तर (स्पीच थेरपिस्ट, मिरज):
उशीर झाला असे मानू नये. जर्मनीतील १५६ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला; त्या सर्वांना वाचाघात होऊन किमान सहा महिने झाले होते आणि वय ७० पर्यंत होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी घेतल्यावर त्यांचे दैनंदिन बोलणे सुधारले आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकून होती. उलट, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झटक्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांतच जादा थेरपी सुरू करून पाहिली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. मात्र सुधारणा म्हणजे पूर्वीसारखे बोलणे नव्हे, हे आधीच समजून घ्यावे.

आरतीविषयी एक खुलासा: पाठ असलेले शब्द एका दोरीत ओवल्यासारखे येतात, त्यातला एखादा सुटा मागितला तर तो मिळत नाही. म्हणून ‘आरती येते, मग बोलत का नाही’ असे घरात कोणी म्हणू नये.

उत्तर (कराडची सूनबाई, सातारा जिल्हा):
सासूबाईंसाठी आम्ही बाहेरगावी खोली घेऊन तीन आठवडे राहिलो. पहिल्या केंद्रात कार्डे हिंदीतली होती, ‘सेब’ पाहून त्या चिडत, केंद्र बदलले. दुसरीकडच्या बाईंनी आमच्याकडून घरातल्या डब्यांचे, गॅसच्या शेगडीचे, नातवंडांचे फोटो मागवले आणि काम पुढे सरकले. दुसऱ्या तासालाच त्या थकत, म्हणून सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग करावे लागले. परतल्यावर त्या ‘मला नको’ एवढे स्पष्ट म्हणू लागल्या. आमच्या घरात तेवढ्यानेच निम्मी भांडणे मिटली. आपल्या अप्पांसाठी हळकुंड, पोते, काटा, अडत हेच शब्द घ्या.

उत्तर (विश्रामबागकर):
पुणे जमत नसेल, तर हल्लीच्या थेरपिस्टकडून तीन आठवड्यांसाठीच तास वाढवून घेता येतात, काही तास व्हिडिओ कॉलवर. तज्ज्ञांचे मत हवे असल्यास मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मिरजेहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते.

हळदवाले:
सर्वांचे आभार. आज अप्पांना यार्डातल्या काट्याचा फोटो दाखवला. बराच वेळ पाहून त्यांनी ‘क्विंटल’ म्हटले, काटा नव्हे. तरी उद्या त्यांच्या थेरपिस्टशी वाढीव तासांविषयी बोलतो.